पाणी सोडलं म्हणजे पाणी आलं नव्हे: सर्व्हर उठताना कोण कुणासाठी थांबतं?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचे कॉम्प्युटर मी बघतो. एका पहाटे लाइट गेली, यूपीएसनं जमेल तेवढा तग धरला आणि मान टाकली. पाचनंतर लाइट आली, मशिनी आपोआप उठल्या. साडेआठला सुपरवायझर अण्णांचा फोन.

"कॉम्प्युटर चालू हाय की ओ, हिरवी लाइट बी दिसायलीय. बिल तेवढं निघंना. गाडी भरून उभी हाय."

फोनवरच ऑफिसातल्या पोराला एक ओळ टाइप करायला सांगितली आणि बिलिंगची सर्व्हिस, म्हणजे मागे सतत चालणारा प्रोग्रॅम, रीस्टार्ट करून घेतली. लगेच चाललं. चलन निघालं, ई-वे बिल झालं, गासड्यांची गाडी गेटबाहेर पडली. अण्णा खूश झाले. मी मात्र चहा तसाच ठेवून कारखान्यात गेलो, कारण हे लक्षण ओळखीचं होतं. हातानं चालू केलं की व्यवस्थित चालतं आणि मशीन आपोआप उठताना मात्र मरतं, असं दिसलं की प्रोग्रॅमवर संशय नंतर घ्यावा. आधी रांगेवर घ्यावा. आपण हातानं चालू करतो तोवर बाकी सगळे उठून, तोंड धुऊन तयार असतात. आपोआप उठताना ती खात्री नसते.

ही रांग काय असते, ती कोण लावतं आणि लावूनही का चुकते, ते सांगतो. उदाहरणं लिनक्सची आहेत कारण माझ्या हाताखाली तेच जास्त आहे. पण दुखणं सगळीकडचंच.

बटण दाबलं की आधी मदरबोर्डवरचं फर्मवेअर जागं होतं, ते बूटलोडरला उठवतं, बूटलोडर कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला. कर्नल डिस्क, मेमरी, कार्डं ओळखून घेतो आणि शेवटी एकच प्रोग्रॅम चालू करतो. त्याचा नंबर १. पुढचं सगळं घर या एक नंबरवाल्यानं उठवायचं: डिस्का जोडायच्या, नेटवर्क लावायचं, घड्याळ जुळवायचं, डेटाबेस, प्रिंटर, वेबसर्व्हर, बिलिंग. साध्या सर्व्हरवरसुद्धा अशी शंभर-दोनशे कामं सहज निघतात. आणि त्यातलं प्रत्येक काम कुणावर तरी अडलेलं असतं.

सोलापुरात हे समजवायला मला माग बरा पडतो. चादर विणायची तर सूत रंगून वाळल्याशिवाय पुढचं पान हलत नाही. रंगलेलं सूत हाती आलं की दोन वाटा फुटतात. ताण्यासाठी, म्हणजे उभ्या धाग्यांसाठी, वार्पिंग होऊन बीम भरला जातो, बाण्यासाठी, म्हणजे आडव्या धाग्यांसाठी, कांड्या भरल्या जातात. या दोघांना एकमेकांसाठी थांबायची गरज नाही. तिकडे नक्षी उठवणाऱ्या जॅकार्डची कार्डं टोचणाऱ्याला तर सुताशीही देणंघेणं नाही, नक्षी कागदावर आली की त्याचं काम सुरू. पण माग हलायचा तर बीम, कांड्या आणि कार्डं तिन्ही जागेवर हवीत. यातलं एक जरी मागे राहिलं तरी विणकर हातावर हात ठेवून बसणार.

हेच कागदावर गोल आणि बाण काढून मांडलं की झाला आलेख. त्यातून कामाचा क्रम कसा काढायचा याची एक सुटसुटीत रीत आर्थर कान यांनी १९६२ साली मांडली. ज्याचं कुणावाचून अडलेलं नाही त्याला आधी उचला. त्याच्यामुळे जे अडले होते त्यांच्या यादीतून त्याचं नाव खोडा. आता ज्यांची यादी रिकामी झाली त्यांना उचला. असं करत सगळे संपले तर क्रम मिळाला. मधेच असं झालं की उरलेला प्रत्येक जण कुणासाठी तरी थांबलाय आणि मोकळा कुणीच नाही, तर कुठंतरी वर्तुळ आहे. त्या वर्तुळाकडे पुढे येतोच.

जुन्या लिनक्समध्ये आलेख वगैरे भानगड नव्हती, नंबर होते. एका फोल्डरमध्ये एस१०, एस२०, एस८५ अशा नावांनी सुरू होणाऱ्या फायली असायच्या आणि त्या नंबरानं एकामागून एक चालायच्या. समजायला सोपं, पण कांडीवाला रिकामा असूनही वार्पिंग संपेपर्यंत बसून राहायचा. शिवाय नवा प्रोग्रॅम टाकताना त्याला कोणता नंबर द्यायचा हे अंदाजानंच ठरायचं. उबुंटू या लिनक्सच्या एका प्रकारानं २००६ साली अपस्टार्ट नावाची घटना बघून कामं सुरू करणारी पद्धत आणली. २०१० साली लेनार्ट पोएटरिंग आणि काई सीव्हर्स यांनी सिस्टमडी आणलं. ते फेडोरा या दुसऱ्या प्रकारात २०११ साली आणि डेबियन-उबुंटूत २०१५ साली मुख्य जागी बसलं. त्यावरून लोकांनी एकमेकांची डोकी फोडायची तेवढी बाकी ठेवली होती. मला त्या भांडणात रस नाही. आज बहुतेक सर्व्हरवर एक नंबरला तेच बसलेलं सापडतं आणि आपल्याला त्याच्याशीच संसार करायचाय.

"आजोबांनंतर बस" आणि "आजोबांना बोलव"

सिस्टमडीत प्रत्येक सर्व्हिसची एक छोटी फाइल असते, युनिट फाइल. तिच्यात दोन वेगळ्या प्रकारची नाती लिहिता येतात, आणि निम्मे घोटाळे ही दोन एकच आहेत असं समजण्यातून होतात. माझेही झालेत.

पंगतीत लहान मुलाला सांगितलं, "आजोबा बसल्यावर बस." हा क्रम झाला. आजोबा येणार असतील तर त्यांच्या मागून. ते गावालाच गेले असतील तर पोरगं बसेल आणि जेवेल, त्यांना आणायला कुणी जाणार नाही. सिस्टमडीत हे सांगणाऱ्या शब्दाचं नाव आफ्टर.

आता उलटं. "जेवायला येशील तेव्हा आजोबांना घेऊन ये." ही गरज झाली. यात कोण आधी बसेल ते ठरलेलंच नाही. दोघं एकदम पाटावर येतील. हे सांगणारे शब्द वॉन्ट्स आणि रिक्वायर्स. वॉन्ट्स म्हणजे बोलवून बघ, नाही आले तर तू जेव. रिक्वायर्स म्हणजे त्यांच्याशी माझं पान बांधलेलं आहे.

आता कुणीतरी बिलिंगच्या फाइलमध्ये नुसतं "रिक्वायर्स डेटाबेस" लिहितो आणि निर्धास्त होतो. सिस्टमडी दोघांनाही एकाच क्षणी चालू करतं. डेटाबेस डोळे चोळतोय तोवर बिलिंग त्याच्या दारावर थाप मारतं, आतून आवाज येत नाही, बिलिंग मरतं. दुसरा कुणी नुसतं "आफ्टर डेटाबेस" लिहितो, पण डेटाबेस आपोआप चालू व्हायचं कुणी सांगितलेलंच नसतं. मग बिलिंग मोठ्या शिस्तीत, कुणाच्याही मागे न उभं राहता, एकटंच उठतं. एका मशीनवरच्या दोन सर्व्हिसांसाठी बहुतेक वेळा दोन्ही ओळी लिहाव्या लागतात.

रिक्वायर्स हा शब्द दिसतो तेवढा निरुपद्रवीही नाही. अपडेटसाठी डेटाबेस कुणी हातानं बंद केला की त्याच्यावर रिक्वायर्सनं बांधलेलं बिलिंगही खाली येतं. सिस्टमडीच्या स्वतःच्या माहितीपत्रकातच सल्ला आहे की शक्य तिथं वॉन्ट्स वापरा, म्हणजे एकाच्या आजारपणात सगळं घर झोपत नाही. मी तो सल्ला बरीच वर्षं दुर्लक्षून नंतर मानला.

नळाची गोष्ट

आता खरी मेख. क्रम बरोबर लावला, गरज बरोबर लिहिली, तरी त्या सकाळी बिल निघालं नव्हतं.

सोलापूरकराला हे वेगळं समजवायला नको. आपल्याकडे पाणी काही दिवसांआड. "पाणी सोडलं" आणि "पाणी आलं" या दोन वाक्यांमधलं अंतर इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. तिकडे व्हॉल्व फिरला म्हणजे पाणी सोडलं. आपल्या गल्लीत नळ आधी खोकतो, हवा सोडतो, मग गढूळ धार, मग पाणी आलं. आणि आलं तरी वरच्या टाकीपर्यंत चढायला दाब पुरेल का, तो प्रश्न वेगळाच.

सिस्टमडीत नेटवर्क नावाचं एक टार्गेट आहे. टार्गेट म्हणजे वाटेवरचा मैलाचा दगड: इथवर पोचलो, पुढच्यांनी निघा. आपल्या सर्व्हिसला नेटवर्क लागतं म्हणून लोक भाबडेपणानं "आफ्टर नेटवर्क टार्गेट" लिहितात. त्या दगडाचा अर्थ एवढाच की नेटवर्क सांभाळणारा प्रोग्रॅम चालू झालाय. आयपी पत्ता मिळाला का, केबलीत जीव आहे का, याबद्दल तो काही बोलत नाही. पाणी सोडलं, एवढंच.

पाणी आल्याची खबर देणारा दगड वेगळा आहे, नेटवर्क-ऑनलाइन. त्याच्यामागे एक वेट-ऑनलाइन सर्व्हिस असते, ती पत्ता मिळेपर्यंत बूट, म्हणजे मशीनचं उठणं, अडवून धरते. तिलाही मुदत असते, नाहीतर केबल निघालेल्या दिवशी मशीन जन्मभर अडकून पडेल. मुदत संपली की ती हात झटकते आणि रांग पुढे सरकते. नेटवर्क सांभाळायला सिस्टमडीचं स्वतःचं नेटवर्कडी वापरत असाल तर ही मुदत १२० सेकंदांची असते आणि ते आपल्या ताब्यातल्या सगळ्या पोर्टांची वाट बघतं. सर्व्हरला दोन पोर्ट आहेत, एकात केबलच नाही, आणि दर बूटला मशीन दोन मिनिटं काय करतं कळत नाही, अशी तक्रार कुणी केली की मी आधी तेच बघतो.

आणि पाणी आलं तरी दाबाचा प्रश्न उरतोच. नेटवर्क आलं म्हणजे पलीकडचा डेटाबेस उठलाय असं नाही.

आमच्या कारखान्यात नेमकं काय झालं ते लॉगमध्ये, म्हणजे मशीनच्या नोंदवहीत, स्वच्छ लिहिलेलं होतं. बिलिंग एका मशीनवर, डेटाबेस शेजारच्या जुन्या मशीनवर, मधे एक नेटवर्क स्विच, म्हणजे केबली जोडणारा डबा. कित्येक वर्षं हे असंच होतं आणि लाइट कितीदा गेली-आली तरी कधी अडलं नव्हतं. त्या महिन्यात मीच मोठ्या कौतुकानं बिलिंगच्या मशीनमधली जुनी हार्डडिस्क काढून कितीतरी वेगवान एसएसडी बसवली होती.

५:१२:०४, नेटवर्क टार्गेट गाठलं. ५:१२:०५, बिलिंग सुरू. त्याच सेकंदाला बिलिंगचा शेरा: नेटवर्क इज अनरीचेबल. बिलिंग मेलं, सिस्टमडीनं पुन्हा उठवलं, पुन्हा मेलं. असं पाच वेळा. ५:१२:०७ ला सिस्टमडीचा निरोप: स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली. म्हणजे, तू फार घाईघाईनं मरतोयस, मी आता तुला उठवत नाही. ५:१२:५१ ला केबलीची लिंक आली, कारण स्विचलाही स्वतःचं बूट असतं आणि तो बिचारा आत्ता कुठं जागा होत होता. पलीकडच्या जुन्या मशीनवर डेटाबेस ५:१४ ला तयार झाला.

आधीची हार्डडिस्क इतकी रमतगमत उठायची की ती उठेपर्यंत स्विच आणि डेटाबेस दोन्ही तयार असायचे. त्यांच्यासाठी थांबायचा क्रम कुठंच लिहिलेला नव्हता, तो त्या डिस्कच्या आळसात होता. मी आळस काढला आणि क्रमही गेला. या जातीच्या दोषाला रेस कंडिशन म्हणतात. कोण आधी पोचतो यावर निकाल. शर्यतीतला एक गडी बदलेपर्यंत तो वर्षानुवर्षं दडून राहतो.

पाच वेळा मरून गप्प बसणं ही सिस्टमडीची ठरलेली सवय आहे, तीही सांगून ठेवतो. सर्व्हिस मेली की उठव, असं सांगितलं तर दोन प्रयत्नांमध्ये सिस्टमडी फक्त १०० मिलिसेकंद थांबतं. आणि सर्व्हिस १० सेकंदांत ५ वेळा चालू होऊन झाली की पुढचा प्रयत्न नाकारतं. म्हणजे "मेलास तर पुन्हा उठ" एवढी एकच ओळ लिहून आपण समजतो की प्रयत्न चालूच राहतील, आणि प्रत्यक्षात सगळे प्रयत्न पहिल्या दोन-तीन सेकंदांतच उधळून झालेले असतात.

तीस सेकंदांची झोप

तेव्हा मी केलं ते बहुतेक जण करतात तेच. युनिट फाइलमध्ये बिलिंगच्या आधी एक ओळ घातली: तीस सेकंद झोप. मग वाटलं कमी पडेल, चालू व्हायची मुदत वाढवून दीडशे केली. गाडी चालली. मीही विसरलो.

या ओळीची मला आता लाज वाटते असं नाही, अडल्या वेळी तिनं गाडी हलवलीय. पण ती अंदाज आहे. सगळं नीट असतं त्या दिवशी ती फुकट दोन-अडीच मिनिटं खाते, आणि खरी गरज असते त्या दिवशी पुरत नाही. माझ्या बाबतीत तो दिवस उन्हाळ्यात आला. एका दुपारी लाइट अशी गेली की डेटाबेसच्या मशीनला शांतपणे बंद व्हायला वेळच मिळाला नाही. पोस्टग्रेस, म्हणजे आमचा डेटाबेस, असा अर्धवट मेला की पुढच्या वेळी उठताना आधी आपली रोजनिशी वाचतो, अर्धवट राहिलेल्या नोंदी जुळवतो आणि मगच दार उघडतो. तोवर कुणी आलं तर सांगतो, डेटाबेस सिस्टम इज स्टार्टिंग अप. प्रोसेस चालू, यादीत नाव हिरवं, आणि दार बंद. दीडशे सेकंद केव्हाच होऊन गेले होते.

इथं "चालू झालं" या शब्दाचा अर्थ सिस्टमडीला काय कळतो ते बघावं लागतं. सर्व्हिसचा प्रकार सिंपल असेल तर प्रोसेस जन्माला आली की सिस्टमडी समजतं, झालं, पुढचा. आत तयारी झाली की नाही याच्याशी त्याला कर्तव्य नाही. प्रकार नोटिफाय असेल तर मात्र ते थांबतं. प्रोग्रॅम आपली तयारी झाली की स्वतःहून "रेडी" असा निरोप पाठवतो आणि मगच मागच्यांना सोडलं जातं. डाळ शिजली का हे आपण घड्याळ लावून ठरवत नाही, कुकरच्या शिट्ट्या मोजतो. झोपेची ओळ म्हणजे घड्याळ आणि नोटिफाय म्हणजे शिट्टी. पोस्टग्रेसला ही शिट्टी ९.६ आवृत्तीपासून, म्हणजे २०१६ सालापासून येते. फक्त एक सांभाळायचं: सिस्टमडी चालू होण्यासाठी मुळात ९० सेकंदांची मुदत देतं, आणि मोठा डेटाबेस रोजनिशी वाचायला त्याहून जास्त घेऊ शकतो. मुदत संपली की सिस्टमडी त्याला हकनाक मारतं. म्हणून पोस्टग्रेसचे लोकच सांगतात की ही मुदत काढून टाका.

आणखी एक युक्ती आहे आणि ती मला मनापासून आवडते. सार्वजनिक नळावर पाणी यायच्या आधी घागरी रांगेत लागतात, आठवतंय? बाई घागर ठेवून घरी जाते, पोळ्या लाटते. पाणी आलं की घागरी ज्या क्रमानं लागल्या त्या क्रमानं भरतात. सॉकेट ॲक्टिव्हेशन म्हणजे हेच. डेटाबेस किंवा कुठलीही सेवा उठायच्या आधीच एक नंबरवाला तिचं दार, म्हणजे सॉकेट, स्वतः उघडून ठेवतो. आलेली मागणी कर्नलच्या रांगेत घागरीसारखी उभी राहते. सेवा उठली की ते दार तिच्या ताब्यात दिलं जातं आणि ती रांग संपवायला लागते. कुणी आधी, कुणी नंतर हा प्रश्नच बराचसा मिटतो, सगळे एकदम उठू शकतात. ॲपलनं लाँचडीमध्ये, म्हणजे मॅकच्या एक नंबरवाल्यात, २००५ सालीच ही कल्पना वापरली होती, सिस्टमडीनं ती तिथून उचलली आणि ते तसं मोकळेपणानं सांगितलंही. पण प्रोग्रॅमला असं तयार दार हातात घेता यायला हवं, आणि ते सगळ्यांना जमत नाही. रांगेलाही मर्यादा असतेच. गल्लीत किती घागरी मावणार?

विंडोजवाल्यांनी हसू नये. तिथं सर्व्हिसला ऑटोमॅटिक, डिलेड स्टार्ट असा पर्याय व्हिस्टापासून आहे आणि तो मुळात १२० सेकंद थांबतो. सरकारी शिक्का मारलेली झोपच ती. सर्व्हिसनं दुसऱ्या सर्व्हिसवर अवलंबून असल्याचं तिथंही लिहिता येतं, लिहिणारे कमी.

चावी कपाटात, कपाटाला कुलूप

वर्तुळाकडे येतो म्हणालो होतो. एका ठिकाणी बॅकअपचं फोल्डर नेटवर्कवरच्या दुसऱ्या मशीनवर होतं. तिथं पोचायला व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून जाणारी खाजगी वाट, लागायचं. आणि व्हीपीएनची किल्ली कुणीतरी सुरक्षित म्हणून त्याच फोल्डरमध्ये ठेवलेली, तशी नोंदही युनिट फाइलमध्ये केलेली. फोल्डर म्हणतंय आधी व्हीपीएन, व्हीपीएन म्हणतंय आधी फोल्डर.

माणूस इथं थांबून विचारेल. सिस्टमडी थांबत नाही, कारण मशीन तर उठवायचंच आहे. ते लॉगमध्ये "फाउंड ऑर्डरिंग सायकल" असं लिहितं, वर्तुळातलं एक काम उचलून फेकून देतं आणि पुढे जातं. मशीन उठतं, बाकी सगळं ठीक दिसतं, एक सर्व्हिस मात्र गायब. ती मेलेली नसते, तिला कुणी उठवलेलंच नसतं. म्हणून तिच्या स्वतःच्या लॉगमध्ये शोधून काही मिळत नाही. पूर्ण बूटच्या लॉगमध्ये "सायकल" हा शब्द शोधायचा. ज्यानं फाइल लिहिली त्यानं आधी सिस्टमडी-ॲनालाइझ व्हेरिफाय चालवलं असतं तर वर्तुळ तिथंच दिसलं असतं.

डिस्कची गोष्ट यापेक्षा वाईट, कारण तिथं काही मरत नाही. बाहेरची डिस्क ज्या फोल्डरवर जोडायची ते फोल्डर डिस्क नसतानाही असतंच, रिकामं. सर्व्हिस डिस्कच्या आधी उठली तर तिला रिकामं फोल्डर दिसतं आणि ती आनंदानं त्यात नव्या फायली लिहायला लागते. मग डिस्क जोडली जाते, त्या फायलींच्या डोक्यावर बसते आणि त्या दिसेनाशा होतात. गेल्या नाहीत, झाकल्या गेल्या. उपाय एका ओळीचा आहे, रिक्वायर्स-माउंट्स-फॉर, आणि पुढे त्या फोल्डरचा पत्ता. ही ओळ क्रम आणि गरज दोन्ही लिहिते. विशेषतः एफएसटॅबमध्ये, म्हणजे कुठली डिस्क कुठं जोडायची त्या यादीत, त्या डिस्कपुढे नोफेल लिहिलं असेल तर ती हवीच. नोफेल नसेल तर डिस्क नसताना मशीन दीड मिनिट वाट बघून इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसतं, म्हणून आपण ते लिहितो. पण नोफेल लिहिलं की बूट त्या डिस्कसाठी थांबणं सोडून देतं, आणि शर्यत पुन्हा सुरू.

जाता जाता बंद होण्याबद्दल. आफ्टरचा क्रम मशीन बंद होताना उलटा लागतो. जो शेवटी उठला तो आधी झोपतो. त्यामुळे मघाशी ज्याला नावं ठेवली ते साधं नेटवर्क टार्गेट बंद होताना मात्र खरं कामाला येतं: त्याच्यानंतर उठलेल्या सर्व्हिसला नेटवर्क जायच्या आधी आपला गाशा गुंडाळायला वेळ मिळतो. खरं तर ते आहेच मुख्यतः त्यासाठी.

मग आमचं काय केलं

आधी एक गोष्ट मान्य केली. आफ्टर, रिक्वायर्स, शिट्टी, घागर, हे सगळं एका मशीनच्या आत चालतं. शेजारच्या मशीनवर डेटाबेस उठला का हे या मशीनच्या सिस्टमडीला कळत नाही, आणि मधल्या स्विचला तर सिस्टमडी म्हणजे काय तेच ठाऊक नाही. तिथं क्रम लावता येत नाही. तिथं दार बंद असेल तर थोडं थांबून पुन्हा ठोठावणं, एवढंच हातात असतं. ते काम खरं तर बिलिंगच्या प्रोग्रॅमनं स्वतः करायचं. ज्यांनी तो बनवला त्यांना सांगून झालं, "पुढच्या व्हर्जनमध्ये बघू" हेही ऐकून झालं. म्हणून मी युनिट फाइलकडे वळलो.

झोपेची ओळ काढली. नेटवर्क-ऑनलाइनसाठी आफ्टर आणि वॉन्ट्स दोन्ही लिहिलं. मेल्यावर उठायचं अंतर १०० मिलिसेकंदांवरून १० सेकंद केलं, आणि प्रयत्नांची मर्यादा शून्य लिहून उठवून टाकली. मूळ फाइलला हात लावला नाही. सिस्टमसीटीएल एडिट ही कमांड चालवली की वेगळी छोटी फाइल तयार होते, ती अपडेट आलं तरी पुसली जात नाही. पलीकडच्या मशीनवर पोस्टग्रेसची ९० सेकंदांची मुदत काढली. सगळं मिळून सात-आठ ओळी.

शोधताना दोन कमांडी कामाला आल्या, त्यांच्यातला फरक सांगायला हवा. सिस्टमडी-ॲनालाइझ ब्लेम ही कुणी किती वेळ घेतला त्याची यादी देते आणि लोक वरच्या नावावर तुटून पडतात. पण वेळ घेणाऱ्यासाठी कुणी थांबलंच नसेल तर त्याचा काय दोष? रंगारी एकीकडे चार तास घेऊ दे, आजच्या मागावर कालचं सूत असेल तर माग अडलेला नाही. कोण कुणासाठी थांबलं ते क्रिटिकल-चेन दाखवते. मी ब्लेम आता सहसा बघतच नाही.

मग परीक्षा. नुसतं रीबूट करून "आलं की" म्हणण्यात अर्थ नव्हता, कारण रीबूटला स्विच चालूच असतो. कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी गेलो, दोन्ही मशिनी आणि स्विच बंद केले, बिलिंगची केबल काढून ठेवली आणि मेन बोर्डाचा खटका दाबला. अण्णा सुट्टी असूनही आले होते, दारात खुर्ची टाकून बसले होते. पाच मिनिटांनी केबल लावली. स्क्रीनवर बिलिंग मरत होतं, दहा सेकंदांनी उठत होतं, पुन्हा मरत होतं.

"हे काय ओ, सारखं पडायलंय की," अण्णा म्हणाले.

"पडू द्या," म्हटलं.

एकोणिसाव्या वेळी उठलं ते पडलं नाही.

पुढच्या आठवड्यात रात्री पुन्हा लाइट गेली. सकाळी साडेआठला अण्णांचा फोन वाजला तेव्हा पोटात गोळा आला. प्रिंटरमधला कागद संपला होता, रिमचं बंडल कुठल्या कपाटात ठेवलंय एवढंच त्यांना विचारायचं होतं.